वल्लरीआत्याचा झांबियाचा अर्ज

माझी वल्लरीआत्या जयपूरच्या एका हिंदी दैनिकात बातमीदार आहे. ती बोलायला लागली की ऐकणाऱ्याचा चहा निवतो. हात हवेत, भुवया कपाळात आणि मध्येमध्ये "मतलब, तू सोच ना!"

वर्षानुवर्षं तुंबलेल्या गटारांच्या बातम्या केल्यावर तिला परदेशात जाऊन वार्तांकन करायची फेलोशिप हवी होती. जयपूरच्या जोहरी बाजारात घासला जाणारा पन्ना, म्हणजे पाचू, झांबियाच्या खाणींतून येतो. त्याचा माग काढत थेट खाणीपर्यंत जायचं, हा तिचा बेत.

अर्ज हिंदीत चालणार होता. तपासायला तिनं तो दिला माझ्या बाबांना, म्हणजे तिच्या दादाला. बाबा विमा कंपनीत अधिकारी. त्यांनी सगळा नव्यानंच लिहिला. जयपूरच्याच मानसरोवर भागातल्या आमच्या घरी आत्या तो मोठ्यानं वाचू लागली, "उपरोक्त विषयांतर्गत सविनय निवेदन है..." पहिल्या पानावर पिवळा ताप, हरवलेलं सामान, खाणीत कोसळणारी दरड. पन्ना पार शेवटी.

"दादा, ही फेलोशिप आहे की माझा डेथ क्लेम?"

"जोखीम आधी सांगावी, वल्लू. विश्वास बसतो."

मुदत त्याच संध्याकाळी संपत होती. आत्या मटकन बसली. "जाऊ दे. मी लिहिलेलं तरी कुठे बरं होतं? बोलते ते कागदावर येतच नाही."

मी सोफ्यावर चढलो, भुवया चढवल्या आणि तिच्याच आवाजात सुटलो, "मतलब, तू सोच ना! जोहरी बाजारातल्या कारागिरानं जन्मात खाण बघितली नाही, खाणीतल्या बाईनं घासलेला पन्ना बघितला नाही. मध्ये नुसते दलाल! मी जाऊन या दोघांची ओळख करून देणार!"

बाबांना ठसका लागला. "हुबेहूब वल्लू!"

"मी असं बोलते?"

"परवा जेवताना," मी म्हणालो. "माझ्या शर्टावर आमटी सांडून."

"गप. परत बोल. सावकाश."

तिनं लॅपटॉप ओढला. मी अडलो की ती बोलायची, ती अडली की मी.

"निदान पिवळा ताप तरी ठेव," बाबा म्हणाले.

"ठेवते रे. शेवटी!"

अर्ज गेला.

महिन्याभरानं तिचा फोन आला, जोहरी बाजारातून. "मिळाली रे! जातेय मी!" हॉर्नच्या गोंगाटात मागून एक कारागीर ओरडला, "दीदी, खान वालों से पूछना, इतना दाग वाला माल क्यों भेजते हैं!"

मी अभिनंदन म्हणेपर्यंत आत्या त्याच्याकडे वळलीसुद्धा. "कैसा दाग, भैया? दिखाओ तो."