बसऱ्याचे चार शब्द

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझी विडीची थोटकंसुद्धा लपत नाहीत.

आमचा बैल 'इमशी' म्हटलं की चालतो. काही नवीन दिसलं की पोरं 'शुफ्ती, शुफ्ती' करत बघायला धावतात. दूध उतू गेलं तर 'मालीश' — म्हणजे जाऊ दे. खालापुरापर्यंत सगळ्यांची समजूत आहे, की हे शब्द मी बसऱ्याच्या लढाईतून आणले. ती लढाई ओटीवर बसून मी किती वेळा लढलो! दर गणपतीला शत्रू वाढतच गेले.

खरं सांगू? बसरा मी पाहिलेलाच नाही. लढाईची सगळी वर्षं मी मुंबईच्या लष्करी इस्पितळात भांडी घासली. तिकडून आलेले जखमी गोरे सोल्जर हे अरबांचे शब्द घरचे असल्यासारखे वापरायचे. मी मधे आलो की 'इमशी!' — चालता हो. तेवढीच माझी बहादुरी.

इथवर हसण्यासारखं आहे. इथंच थांबता आलं असतं तर —

आमच्या आळीतला गणू मात्र खरोखर बसऱ्याला गेला होता. पलटणीतून कागद आला — पत्ता लागत नाही, एवढाच. त्याची बायको साळू तेव्हा विशीतली. दोन वर्षं वाट पाहून बापानं कळंबच्या एका भल्या माणसाशी तिचा पाट ठरवला; नवरा गेलेल्या बाईचं दुसरं लग्न आमच्यात तसंच लागतं. मी गावी परतून चारच दिवस झाले होते. पाटाच्या आदल्या दिवशी ती आमच्या ओटीपुढे आली. माणसं जमलेली, माझी लढाई रंगात.

"भावोजी, तुमी तिकडं व्हता. ह्यांना कुटं पायलं का वो?"

शेजारचे तुकाकाका खिदळले, "आगं, ह्यो तिकडं बी चुलीपाशीच बसला आसंल!"

सगळे हसले. म्हातारा थट्टेत अगदी खरं बोलून गेला होता. आणि मी — नाही म्हणायला काय लागत होतं मला?

"पायलं की! लढाई सरल्यावर, बसऱ्याच्या बाजारात. म्हनला, बुकरा घरी येतो. बुकरा म्हंजी उद्या."

हसणं थांबलं. साळूनं पाट मोडला.

कळंबचा तो माणूस अजून कर्जतच्या बाजारात दिसतो, बैलगाडीत पोरंबाळं भरलेली. मी तोंड फिरवतो. सतरा वर्षं झाली. दर संक्रांतीला साळू आमच्याकडे हळदीकुंकवाला येते, पांढऱ्या होत चाललेल्या केसांखाली माझी बायको तिला कुंकू लावते. जाताना दारातून ती मला हसून विचारते, "काय भावोजी, बुकरा का?"

मी म्हणतो — बुकरा.

तिला वाचता येत नाही. ते मला ठाऊक आहे, म्हणूनच हे लिहिलं.