सप्तमीचं पान

चिकू उतरवणाऱ्याच्या बोटांना चीक लागला की तो साबणाने जात नाही. तसंच झेरॉक्सच्या दुकानाचं आहे. माणूस येतो एक पान काढायला आणि कागद मशीनमधून बाहेर पडेपर्यंत घरातलं काहीतरी सांगून जातो. तो जातो, ते माझ्याकडे राहतं. डहाणू रोडला स्टेशनजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे आणि इतक्या वर्षांत जे चिकटलं त्यातलं निम्मं नाना सावेंचं आहे.

नाना म्हणजे आपले कादंबरीकार. गडावर, दरबारात, पोर्तुगीजांच्या कोठीत कोणाचा तरी खून पाडायचा आणि मग तो सोडवायचा, हा त्यांचा धंदा. राज्यभर वाचक आहेत, पण कॉम्प्युटरला हात लावत नाहीत. हाताने लिहितात, मी टाइप करते. रोज दुपारनंतर चिखल्याहून रिक्षाने येतात आणि माझ्या बाकावर बसतात. शेजारी चिकूचे व्यापारी जिग्नेशभाई असतात, कारण त्यांच्या गाळ्यात पंखा नाही.

*

रहस्यकथा लिहिणाऱ्याला खऱ्या चोऱ्याही सोडवता येतात, असं आपल्याकडे लोक धरूनच चालतात. बोर्डीकडचा एक वाडीवाला आला. विहिरीवरचा पंप चोरीला गेला होता.

नाना म्हणाले, "बाबा रे, मी खून सोडवतो. तेसुद्धा स्वतःच केलेले."

तो हलेना. शेवटी नानांनी विचारलं, "तुझ्या आजूबाजूला सगळ्यांची मिरची सुकली असेल. हिरवी कोणाची आहे?"

तो माणूस उठला, चप्पल घातली आणि गेला. दोन दिवसांनी चिकूची पेटी घेऊन हजर. "नाना, पंप मिळाला. मेहुणा निघाला."

"माझ्या पुस्तकात नेहमी दिवाण निघतो," नाना मला म्हणाले, "मेहुण्याचा कधी विचारच केला नाही."

त्यानंतर रांग लागली. कोणाची शेळी, कोणाची बांगडी. एक बाई तर जावयाचा खरा पगार शोधून द्या म्हणून आल्या होत्या. ती केस नानांनी घेतली नाही.

*

टाइप करताना नाना मला अर्ध्यावर थांबवतात. "बोल मंदा, खुनी कोण?"

पहिल्यांदा मी खरं ते सांगितलं. म्हटलं, राजवैद्य. दुसऱ्या दिवशी नाना नवीन कागद घेऊन आले, राजवैद्य निर्दोष! आता खुनी पागेवरचा कारभारी. "तुला कळलं म्हणजे पुण्यात सगळ्यांना कळलं," म्हणाले. मागची टाइप केलेली पानं माझ्या नशिबाला. परत सगळं.

आता मी शहाणी झाले आहे. कारभारी वाटला की मी तोंड बारीक करून म्हणते, "मला तर त्या राणीचा संशय येतो हो नाना." नाना खूश, कारभारी कायम आणि माझं काम वेळेवर.

*

सुनंदा झरीची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे, प्रश्नपत्रिका काढायला माझ्याकडे येते. बोलायला कमी, पण नानांची सगळी पुस्तकं वाचलेली. एकदा कागद हातात घेऊन ती बाकासमोर उभी राहिली.

"सर, तुमच्या सगळ्या पुस्तकांतले खुनी सापडतात. माझ्या आजाचं तेवढं बघाल का?"

मग तिने सांगितलं. तिचा आजा जान्या चिखल्याला एका बागायतदाराची जमीन कसायचा. कूळकायदा आला आणि कूळ म्हणून त्याचं नाव जमिनीला लागणार होतं. त्याच सुमारास बागायतदारांचे थोरले बंधू वारले. घरच्यांनी पोलिसांना सांगितलं की जान्याने त्यांना विहिरीत ढकललं. पोलीस पोचले तेव्हा प्रेताला अग्नी देऊन झाला होता, पण मोठ्या घराचा शब्द होता. जान्याला धरून नेलं. पुढे पुरावा नाही म्हणून कोर्टाने सोडला. तोवर जमीन गेली होती. तो बायकोच्या गावी झरीला येऊन राहिला आणि तिथेच वारला.

"आमच्या घराला अजून खुन्याचं घर म्हणतात," सुनंदा म्हणाली. "माझं लग्न दोनदा मोडलं त्याच्यावरून. माझं जाऊ द्या. बाबा आता फार थकलेत. जमीन नको, पैसे नको. त्या घरच्या माणसाच्या तोंडून एकदा ऐकायचंय त्यांना, की जान्याने नाही केलं. ते असेपर्यंत."

जिग्नेशभाईंनी विचारलं, "घर कोनचा?"

सुनंदाने नानांकडे बघितलं. "सावेंचं."

मला वाटलं, आता नाना उठून जाणार. आरोप करणारे बागायतदार म्हणजे नानांचे सख्खे आजोबा. त्यांच्याच मांडीवर बसून गोष्टी ऐकल्या म्हणून मी लेखक झालो, असं नाना प्रत्येक सत्कारात सांगतात. नानांनी बाकावर सरकून तिला जागा केली.

"म्हणजे बाई, आपण एकाच केसमधले," ते म्हणाले. "बसा. चहा मागवतो."

मला त्या दिवशी हा माणूस पुस्तकांपेक्षा मोठा वाटला.

*

केस सुरू झाली आणि सगळ्यात जास्त चेव आला जिग्नेशभाईंना. टीव्हीवरची एकही क्राइम सिरीयल त्यांनी सोडलेली नाही. ते आम्हाला स्वतःच्या गाडीतून चिखल्याला घेऊन गेले, टेप आणि टॉर्च घेऊन. भर दुपारी टॉर्च!

त्या विहिरीवर आता सिमेंटचा स्लॅब आहे आणि स्लॅबवर मोटर. जिग्नेशभाईंनी चारी बाजूंनी टेप लावली.

"नाना, मोटिव्ह तो छे. पण एविडन्स? एविडन्स क्यां छे?"

नाना सुरूच्या सावलीत बसून कलिंगड खात होते. "ह्या विहिरीत एवढ्या वर्षांत गाळ पण बदलला असेल जिग्नेशभाई. मोजताय काय?"

"तो सू करवानुं?"

"आधी कलिंगड खा. मग माझ्या चुलतभावाकडे जेवायला जाऊ."

जिग्नेशभाईंचं मत पडलं की हा डिटेक्टिव्ह कामाचा नाही.

*

पण नानांची पद्धत तीच आहे. मागे मुंबईहून कोणी प्राध्यापक आले होते, नानांनी कुठल्या तरी किल्लेदाराचं पात्र खरं कसं उभं केलं ते विचारायला. कोणती बखर पाहिली, कुठले कागद तपासले?

नाना म्हणाले, "त्याच्या वंशजांकडे जाऊन जेवलो."

प्राध्यापकांना ती चेष्टा वाटली. नाना गंभीर होते. "माणूस दरबारात खोटं बोलतो, कागदावर खोटं लिहितो. स्वयंपाकघरात सगळे इतक्या वर्षांचं तेच करत असतात. तिथे खोटं बोलायचं कोणाला सुचतच नाही."

प्राध्यापकांनी हे लिहून घेतलं नाही. मी लक्षात ठेवलं.

*

पितृपक्ष अर्ध्यावर आला होता. नाना दुकानात आले आणि बसायच्या आधीच विचारलं, "मंदा, तुमच्याकडे काकांचं पान कधी वाढता?"

माझे काका हायवेवर ट्रकखाली गेले. "चतुर्दशीला," मी म्हटलं. "अपघाताने गेले ना. तिथी कुठलीही असू दे, असं मरण आलेल्याचं पान चतुर्दशीलाच."

"खून झालेल्याचं?"

"त्यांचंही. बुडून गेलेल्याचं, भाजून गेलेल्याचं, सगळ्यांचं चतुर्दशीला. तुम्हाला माहीत नाही?"

"मला माहीत आहे. तुला माहीत आहे का ते बघत होतो." आणि नाना खाली बसले ते जरा जोरातच. "काल चुलतभावाकडे जेवून आलो. थोरल्या आजोबांचं, म्हणजे आजोबांच्या त्या भावाचं पान होतं. काल सप्तमी होती."

मी टायपिंग थांबवलं.

"चुकून असेल," मी म्हटलं.

"आमचा एक काका दर्यात बुडाला. त्याचं पान त्याच घरात चतुर्दशीला असतं. म्हणजे नियम ठाऊक आहे. आणि थोरल्यांचं पान सप्तमीला. मी लहान होतो तेव्हापासून सप्तमीला. खीर, वडे, अळू, सगळं मी स्वतः खाल्लंय ग."

जिग्नेशभाई एकदम सावकाश म्हणाले, "एटले... खून झालाज नथी?"

"आजोबांनी पोलिसांना सांगितलं, खून झाला," नाना म्हणाले. "पितरांना तसं सांगायची हिंमत झाली नाही. त्यांना उपाशी ठेवून चालत नाही ना."

जिंकल्याचा आनंद त्यांना अजिबात नव्हता. आम्ही तिघांनी चहा घेतला.

*

चिखल्याच्या मूळ घरी आता नानांचे चुलतभाऊ बाळूदादा असतात. पानं तेच वाढतात. स्वभाव तापट. मी नानांबरोबर गेले होते. नानांनी ओसरीवर बसून सरळ विचारलं तेव्हा ते असे भडकले की अंगणातली कोंबडी उडाली.

"तुझ्या कादंबरीसाठी घरची अब्रू विकतोस काय? बा करायचा म्हणून मी सप्तमीला करतो. मला दुसरा काय ठावं नाय."

ते खरंच बोलत होते. त्यांना माहीतच नव्हतं. जे चालत आलं ते त्यांनी चालवलं.

तेवढ्यात आतून त्यांच्या आईचा आवाज आला. काकी आता ऐंशीच्या पुढे आहेत, पण पक्षाचा स्वयंपाक अजून दुसऱ्या कोणाला करू देत नाहीत. हाताला पीठ तसंच, त्या दारात आल्या.

"विहिरीत ढकललेल्या माणसास सप्तमीला कोण जेवू घालतंय रे बाळू? तापानं गेले ते. खाटेवर. सासूबाईनं लग्नाच्या पहिल्याच वर्षी सांगितलंन मला, पान कधी वाढायचा ते समजावताना."

बाळूदादा म्हणाले, "आणि तू एवढी वर्षं गप?"

"घर ज्यांचा होता ते गप होते," काकी म्हणाल्या. "मी कोण बोलणार? पण पान मी कधी चुकीच्या दिवशी वाढू दिला नाय."

बाळूदादा खाली बसले. मग त्यांनी नानांना विचारलं, "झरीला कधी जायचा?"

सांगते तुम्हाला, त्या क्षणी मला बाळूदादांचं फार कौतुक वाटलं. नाना शोधून मोकळे झाले होते. तोंडाने बोलायचं होतं ते बाळूदादांना.

*

मध्ये नानांच्या प्रकाशकांचा फोन आला. बातमी कुठून तरी पोचली होती. नानांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, कारण कानाला लावला की त्यांना काही ऐकू येत नाही.

"नाना, घरातलाच खून! काय प्लॉट आहे! खुनी कोण दाखवताय?"

"खून झालाच नाही."

पलीकडून अगदी दुखावल्या आवाजात, "मग नाना, चारशे पानं भरायची कशी?"

नाना म्हणाले, "भरायची नाहीत." आणि मला फोन बंद करायला दिला, कारण तो त्यांना बंदही करता येत नाही. ती कादंबरी त्यांनी लिहिली नाही. मी टाइप करायला केव्हाही तयार आहे, पण मी मागितली नाही.

*

आणि हा झरीचा किस्सा. हा मी सहसा सांगत नाही.

जिग्नेशभाईंच्या गाडीतून आम्ही गेलो. नाना, बाळूदादा, मी आणि पुढच्या सीटवर काकी. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं, त्या येऊन बसल्या होत्या. सुनंदाचे बाबा, रूपजी, घराच्या ओट्यावर उघड्या अंगाने खाटेवर पडून होते. बरगड्या मोजाव्यात असे. सुनंदाने त्यांना उठवून बसवलं आणि कोण आलंय ते कानात सांगितलं. त्यांनी आमच्याकडे पाहिलं, बसा म्हणाले नाहीत.

बाळूदादा उभ्याउभ्याच बोलले. मान खाली, भराभर, एका दमात. "आमचे थोरले आजोबा तापानं गेले. तुमचे बापानं काय केला नव्हता. आमच्या घरच्यांनी खोटा सांगितला. चूक आमची."

रूपजींनी ऐकलं. हाताने 'थांब' अशी खूण केली, खाटेचा आधार घेत उठले आणि आत निघून गेले.

आम्ही तसेच उभे. बाळूदादांचं तोंड उतरलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला राग आला, आणि आला तर त्यात चूक काय आहे. सुनंदा आत जायला निघाली तर आतून तिलाच हुकूम आला. ती तशीच मागे फिरली आणि पाड्याकडे पळत सुटली.

हळूहळू लोक यायला लागले. शेतावरून चिखलाच्या पायांनी आले, बायका कडेवर पोरं घेऊन आल्या, काठी टेकत दोन म्हातारे आले. अंगण भरलं. मग रूपजी बाहेर आले. अंगात पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत सगळी बटणं लावलेली. घडीच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. डोक्याला टोपी. केसांना पाणी लावलेलं, ते टोपीखालून ओले दिसत होते. ते खाटेवर बसले नाहीत. सुनंदाने खुर्ची आणली, तिच्यावर ताठ बसले.

त्यांनी एकदा सगळ्या अंगणावरून नजर फिरवली. मग बाळूदादांना सोडून नानांकडे बघितलं.

"गोष्टी लिहिणारा तूच ना?"

"हो," नाना म्हणाले.

"मग आता सांग. पयल्यापासून. मोठ्यान सांग."

नाना पुढे झाले. महाराष्ट्रभर व्याख्यानं दिलेला माणूस, पण आधी चपला काढून ठेवल्या. त्यांनी घसा साफ केला, अंगणातल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असा आवाज लावला आणि पहिलं वाक्य म्हणाले:

"जान्याने खून केला नाही."