बाभळीच्या पतंगाचं दुसरं नाव

रावेतच्या सयाजीने बाभळीवरच्या पतंगाच्या दोन जाती केल्या, त्या टेबलाशी बसून केल्या.

पुण्याच्या एका संस्थेत तो कीटकांचं वर्गीकरण करी. एका पतंगाच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके होते, तो पवनेकाठचा. दुसरा सपाट, वाळक्या पानाच्या रंगाचा. तो चाकणच्या माळावरचा. मधे बारा-तेरा मैल आणि टेकड्या. मूळ एकच जात, दोन ठिकाणी अडकली आणि वेगळी होत गेली, असा निबंध त्याने बावन्न साली छापला. माळावरच्या जातीला नावही त्यानेच दिलं. छप्पन साली संग्रहपालाची जागा रिकामी झाली, तेव्हा त्या निबंधाच्या जोरावर तो सगळ्यांत पुढे होता.

एकशे चाळीस पतंग त्याने टाचले होते. अळी एकही पाळली नव्हती.

निवडीआधी विभागप्रमुख म्हणाले, "अळीचं वर्णनही जोडा, निबंध भक्कम होईल." सयाजी चैत्रात सासरच्या जत्रेला चाकणला गेला आणि एक सपाट मादी डबीत घालून घेऊन आला. तिने अंडी घातली. पुढचं काम त्याने बायकोवर टाकलं.

दुर्गाबाईने ते केलं. बिस्किटाचे दोन पत्र्याचे डबे, तोंडाला फडकं. सकाळ-संध्याकाळ ओढ्यावरून बाभळीचा कोवळा पाला आणायचा, काल उरलेला काढायचा, विष्ठा झाडायची. डब्यांना आंबूस वास मारे. शेजारचा कोंडीराम पिंपरीच्या नव्या कारखान्यात जाई. तो ओट्यावरून हसे. "वहिनी, आमी कंपनीत शिफ्ट करतो, तुमी अळ्यांची करता व्हय? ओव्हरटाइम मिळतो का न्हाई?"

"मिळतो. काटं मिळत्यात," ती म्हणे.

घरात जागा नव्हती. म्हणून एक डबा तिने पाण्याच्या घडवंचीखाली ओलीला ठेवला आणि दुसरा चुलीजवळच्या कोनाड्यात. कोष झाले, पतंग निघाले. कोनाड्यातले सपाट. घडवंचीखालचे सगळे ठिपक्यांचे.

सयाजी खवळला. "अगं, तू डबे मिसळलेस! नदीकाठच्या अळ्या पाल्याबरोबर आत आल्या असणार."

"पान न् पान झाडून घातलं मी. अंडी एका मादीची, चिठ्ठी तुमच्याच हातची," ती म्हणाली. "आणि त्यात नवल काय? माझ्या माहेरी पावसाळ्यात ठिपक्याचंच असतंय. ऊन तापलं की वाळक्या पानागत हुतंय."

"हे आजवर बोलली का नाहीस?"

"इचारलं कवा?"

तो बोटांवर रजा मोजू लागला. एरवी तो अंधारात पुण्याला कामावर जाई आणि अंधारात घरी परते; वर्षात मोठ्या रजा दोनच. एक आषाढात भातलावणीला, इथेच रावेतला. दुसरी चैत्रात जत्रेला, चाकणला. पतंग धरायचे ते त्याच दिवसांत. नदीकाठ त्याने पावसात पाहिला होता आणि माळ उन्हात. चार वर्षं तो ज्याला दोन जाती म्हणत होता, ते दोन ऋतू होते.

तरी कोनाड्यातल्या एका मादीची अंडी घेऊन त्याने पुन्हा करून पाहिलं. आता पाला तो स्वतः आणू लागला. कामावर जाण्याआधी एक खेप, परतल्यावर एक, एकेचाळीस दिवस. बोटांत काटे मोडले. पाचव्या दिवशी सडलेल्या अळ्या डब्याच्या तळाशी चिकटल्या, त्या नखाने खरवडताना त्याला ओकारी आली. पण किळस अळ्यांची नव्हती. एवढं काम न करता आपण नाव देऊन मोकळे झालो, याची होती. पतंग निघाले. ओलीला ठिपक्यांचे, कोरड्याला सपाट.

तो प्रमुखांकडे गेला. त्यांनी ऐकलं आणि पानाचा डबा पुढे केला.

"सयाजीराव, निवड गुरुवारी आहे. हे पुढल्या वर्षी छापा की. बाभळीवर चढून बघायला कोण बसलंय?"

"मीही बसलो नव्हतो," सयाजी म्हणाला.

"मग आता कशाला चढता?"

पान न खाताच तो उठला. जिना उतरून तो रस्त्याच्या कडेला थुंकला. त्याला त्या माणसाचा वीट आला होता. त्याहून जास्त वीट याचा, की परवापर्यंत आपणही हेच बोललो असतो.

बुधवारी त्याने निबंधाची दुरुस्ती छापायला पाठवली, एक प्रत निवड करणाऱ्यांना दिली. सहा ओळी. त्याने दिलेलं नाव त्यात त्याने रद्द केलं. गुरुवारी संग्रहपाल दुसराच झाला. त्या गृहस्थाने पतंग फक्त काचेखाली पाहिले होते.

सयाजीने एकशे चाळीस टाचण्यांखालच्या चिठ्ठ्या बदलल्या. त्याला तीन दिवस लागले. डब्यातल्या पतंगांच्या चिठ्ठीवर त्याने लिहिलं : 'अंडी चाकण. पाळणूक दुर्गाबाई, रावेत.'

तिने अक्षरं लावून वाचलं. "माझं नाव सुईखाली कशाला?"

"काम तुझं."

"मग उद्याचा पाला तुमी आणा. नवी अंडी फुटल्यात, तिसरा डबा भुकेला हाय."