पाणी यायच्या दिवशी आलेला मासा

ज्या शहरात नळाचं पाणी पाहुण्यासारखं येतं आणि चहासुद्धा न घेता निघून जातं, त्या शहरात घरात समुद्र पाळायची हिंमत करणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच असणार, आणि तो मला घरमालक म्हणून मिळाला. गल्ली त्यांना काका म्हणते. अंड्याचा वाससुद्धा त्यांना खपत नाही. समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नाही, पैठणच्या धरणाकडं हात करून म्हणायचे, "एवढाच असंल की, वरून मीठ." पण बाहेरच्या खोलीत टीव्हीच्या जागी काचेची भलीमोठी टाकी, आणि तिच्यात खास मीठ कालवून केलेलं खारं पाणी. टीव्ही माळ्यावर गेला. त्याबद्दल काकू अजून बोलत नाहीत. म्हणजे बोलतात, फक्त काकांशी नाही.

मी वेंगुर्ल्याकडचा. आठवीत शाळा सुटली, मग हॉटेलांत भांडी घासत, पोळ्या लाटत इथल्या एका कारखान्याच्या कँटीनपर्यंत पोचलो. खोली मागायला आलो तेव्हा वाटभर उत्तरं घोकत होतो. शिक्षण विचारतील, ओळखीचं कोण म्हणतील. काकांनी एवढंच विचारलं, "समुद्र तुमच्या घरापासून किती लांब?" हाकेच्या अंतरावर, म्हटलं. "मग रहा." तरी खालची खोली लगेच मिळाली नाही. काकांचा नियमच आहे, घरात नवीन काहीही आलं की आधी कोरंटाईन. नवी कढई काही दिवस गॅलरीत. नवा जावई आला तर त्यालासुद्धा ओट्यावर खुर्ची टाकून बसवलेलं, "जरा आपल्या घराची हवा लागू द्या त्याला" म्हणून. मला गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलं. रोज सकाळी काका वर यायचे, खिडकीतून थोडा वेळ नुसतं बघायचे आणि खाली जायचे. मी घाबरून अंथरूण आणखी नीट घडी करायचो. खाली घेतल्यावर मात्र मी घरचा समुद्रतज्ज्ञ झालो. खारटपणा मोजायची नळी हाताशी असताना काका वाटीत पाणी धरून म्हणायचे, "जिभेवर घ्या. असंच असतंय ना तुमच्याकडं?" मी चेहरा गंभीर करून "किंचित कमी" म्हणायचो.

मागच्या महिन्यात काकांनी पुण्याहून एक मासा मागवला. बोटभर लांब, पिवळाधमक, तोंडावर कायमचा राग. ट्रॅव्हल्सच्या गाडीतून थर्माकोलच्या खोक्यात, पाणी भरलेल्या पिशवीत आला. असा नवा मासा मोठ्या टाकीत सोडत नाहीत. त्याला रोग असला तर सगळेच जातात. म्हणून मोरीजवळ वेगळी छोटी टाकी, तिच्यात लपायला प्लंबरकडचे पाइपाचे तुकडे. काकांनी आधी पिशवी टाकीत तरंगत ठेवली, मग मासा पिशवीतल्या पाण्यासकट बादलीत घेतला आणि टाकीतलं पाणी एका बारीक नळीतून थेंब थेंब त्या बादलीत सोडलं. नळीला गाठ, धार लागू नये म्हणून. "घाई नाय करायची," काका कुजबुजले, शेजारी बाळ निजलं असावं तसे. "त्याचं पाणी वेगळं, आपलं वेगळं. हळूहळू वळण लागतंय." बादली निम्म्याच्या वर आली आणि गल्लीत आरोळी उठली, "पाणी आलंऽऽ!"

या आरोळीला इथला माणूस तापातूनही उठतो. मी नळाशी, काकू दारात, काका मोरीतल्या ड्रमापाशी. भरलेली बादली दिसली की उचलायची, ड्रमात ओतायची, रिकामी मागं सरकवायची. वर्षानुवर्षांची सवय, डोकं लागतच नाही. काकांनी एक बादली ओतली, दुसरी ओतली, बाजूची तिसरी उचलून ओतली आणि माझ्याकडं टाकली. बादलीमागं ती बारीक नळी लोंबत आली.

"मी ओतला," काका म्हणाले. ते ड्रमात डोकावले. "अगं, मीच ओतला."

"मग उभे काय रायलेत? काढा त्याला!" काकू ओरडल्या.

"धरा, कोकणी, धरा! तुमच्या गावचा हाय तो!" काका माझ्याकडं वळले.

मी खांद्यापर्यंत हात ड्रमात घातला. मासा मी आजवर फक्त ताटात धरला होता, हे त्या वेळी कुठल्या तोंडानं सांगणार? शेवटी काकूच धावत आत गेल्या, भज्यांचा झारा घेऊन आल्या, आणि जन्मात मासळीला बोट न लावलेल्या त्या बाईनं कढईतून भजं काढावं तसा मासा अलगद उचलून छोट्या टाकीत सोडला. तो पाइपात शिरला तो शिरलाच.

पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला तर तो हसायला लागला. "अंगावरची कीड जावी म्हणून काही लोक मुद्दाम घटकाभर गोड्या पाण्यात बुडवतात, काका. घाबरू नका. पण आता त्यानं खाल्लं पाहिजे. खाल्लं तर जगला म्हणा."

तो खाईना. मग काकाही खाईनात. "माझ्या हातानं झालं, माझ्या घशाखाली कसा उतरंल घास?" काकू भांडी आपटत म्हणायच्या, "मासा उपाशी म्हणून नवरा उपाशी, असलं सोयरसुतक कुठं ऐकलं नव्हतं बाई." बारीक कोळंबी चिमट्यानं सोडायचं काम माझं, कारण कोळंबीकडं बघायचं धाडस घरात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. ड्यूटीवर भाजी ढवळतानाही माझ्या डोळ्यांपुढं तो पाइपच. मासा गेला तर ह्या माणसाचं काय होईल, ह्या काळजीनं माझी झोप उडाली.

सुट्टीच्या दिवशी दुपारी पाइपातून पिवळं डोकं बाहेर आलं. कोळंबीचा कण समोरून तरंगत गेला. मासा रागानं त्याच्याकडं बघत राहिला, आणि गट्टकन गिळून मोकळा झाला. मी किंचाळलो, तेही माझ्या घरच्या बोलीत, जी इथं आल्यापासून तोंडातून निघाली नव्हती. "खाल्ल्यान! काका, खाल्ल्यान!"

काका लुंगी सावरत आले. माशानं दुसरा कण घेतला, तिसरा घेतला. काकूंनी ताट आणून टाकीसमोर जमिनीवरच ठेवलं. काका मांडी घालून बसले, आणि माझ्या छातीवरचा दगड उतरला. दोन घास झाल्यावर त्यांचा हात थांबला.

"कळत असंल का हो त्याला," ते हळूच म्हणाले, "हा समुद्र नाय म्हणून?"

"कळत असणार, काका."

"आन् तरी खाल्लं?"

"तुम्ही असे समोर बसलात, तर कोण नाही खाणार?"

काकांनी ताट जरा माझ्याकडं सरकवलं आणि टाकीकडं तोंड करून खात राहिले.