माझ्या रूममेटचा पोर्टफोलिओ

स्वतःच्या चुका इतक्या मन लावून सांभाळणारी माणसं जगात फार नसतील, आणि त्यातली पहिल्या नंबरची मुलगी नर्सिंगची चार वर्षं माझ्या शेजारच्या कॉटवर झोपत होती. ती करमाड गावची. आवाज बांधापलीकडं हाक मारण्यात तयार झालेला, त्यामुळे वॉर्डात ती कुजबुजली तरी चार खाटांपलीकडचे नातेवाईक "काय झालं?" म्हणून दचकून उठत. शहराच्या कडेला, पडेगावच्या बाजूला आमचं होस्टेल होतं. खोलीत दोन कॉट, दोन कपाटं आणि दुसऱ्या वर्षापासून तिचा पोर्टफोलिओ.

पोर्टफोलिओ म्हणजे वॉर्डात आलेल्या अनुभवांवर विचार करून लिहायची फाइल. मॅडमनी फळ्यावर चार प्रश्न लिहून दिले होते: काय घडलं, तेव्हा काय वाटलं, त्यातून काय शिकलात, पुढच्या वेळी काय कराल. आम्ही बाकीच्या मुलींनी हे प्रकरण एका दुपारीत निकालात काढलं. सीनियर मुलींच्या जुन्या फाइली आणल्या आणि 'या अनुभवातून संयमाचे महत्त्व कळले' हेच वाक्य, पानागणिक आजार बदलून, इंग्रजीत सुवाच्य अक्षरात उतरवलं. माझ्या फाइलीत मला संयमाचं महत्त्व एकूण अकरा वेळा कळलेलं आहे. ही मात्र मॅडमपुढं जाऊन उभी राहिली. "मॅडम, मराठीत लिहू का? मला इंग्रजीत पश्चात्ताप होत नाय." मॅडमनी हसू दाबत परवानगी दिली. दोन-चार पानांत हौस फिटेल असं त्यांना वाटलं असावं. दिवाळीपर्यंत फाइलीचं पोट इतकं सुटलं की ती मिटेना, तेव्हा हिनं तिला रोलर बँडेज बांधलं, तेही वर्गात शिकवल्याप्रमाणे, एकावर एक नीट वेढे घेऊन.

एका आजीबाईंना "दुखणार नाही" म्हणून सुई टोचली, त्यावर तिनं तीन पानं लिहिली होती. 'खोटं बोलले. दुखलं. दुसऱ्या दिवशी आजीनं हात पुढं केला नाय.' तेव्हापासून ती आधीच सांगायची, "मावशी, दुखतंय बरं का, जरासं," आणि गंमत अशी, की पेशंट तिच्याच हातून टोचून घ्यायचा हट्ट धरत. एक म्हातारी चाची तिला रोज विचारायची, "बेटी, तू लिखती क्या रहती है? मेरी शिकायत तो नहीं?" ही म्हणायची, "नहीं चाची, मेरी."

चार प्रश्न वॉर्डापुरते राहिले असते तर आम्ही सुखात असतो. पण मेसच्या मावशींनी वरणात दोनदा मीठ घातलं, तेव्हा हिनं त्यांना शेजारी बसवून "तेव्हा तुम्हाला काय वाटलं?" असं विचारलं. एकदा रिक्षावाल्यानं आम्हाला क्रांती चौकाऐवजी भलतीकडंच नेऊन सोडलं. मी चिडून भांडायच्या तयारीत, तर ही शांतपणे म्हणते, "भय्या, अब इससे तुम क्या सीखे?" तो म्हणाला, "यही, के तुमको नहीं बिठाना." ती खूश झाली. "बघ," मला म्हणाली, "लगेच शिकला."

तिसऱ्या वर्षी मात्र एक गोष्ट घडली. बायकांच्या वॉर्डात कमलबाई नावाच्या दोघी पेशंट होत्या. एकीला साखरेचा आजार, दुसरी पोटदुखीनं आलेली. जेवणाआधी साखरवाल्या कमलबाईंना इन्सुलिन द्यायचं होतं. सिस्टरनी डोस तपासून सिरिंज आमच्या हाती दिली आणि कुणीतरी हाक मारली म्हणून त्या गेल्या. "कुठली खाट?" हिनं मला विचारलं. मी कागद न बघताच म्हणाले, "सात." आदल्या दिवशी त्या सातवरच होत्या. सकाळी खिडकीजवळची जागा हवी म्हणून त्यांची खाट बदलली होती, आणि सातवर आता दुसऱ्या कमलबाई होत्या. हिनंही घाईत नाव विचारलं नाही. स्पिरिटचा बोळा फिरवला, आणि सुई टेकणार इतक्यात बाई म्हणाल्या, "मला कशाचं इंजेक्शन, पोरी? मला कुठं शुगर हाय?"

तिचा हात तिथंच थांबला. आम्ही खिडकीशी गेलो, या वेळी नाव, कागद, मनगटावरची पट्टी सगळं बघितलं आणि इंजेक्शन दिलं. कुणालाही काही कळलं नाही. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी ती लिहायला बसली तेव्हा मी तिच्या हातातलं पेन धरलं. "हे नको लिहूस," मी म्हटलं. "काहीच झालेलं नाही ना? आपल्याला काढून टाकतील." ती मान वर न करता म्हणाली, "काय झालं नाय ते त्या बाईमुळं. मी थांबले नव्हते." मी रडले, भांडले, दोन दिवस बोलले नाही. तिनं पान फाडलं नाही. फक्त एकदा म्हणाली, "तुझं नाव नाय घातलं. तुझं तू लिही."

फाइली जमा झाल्यावर मॅडमनी तिला बोलावलं. मी दाराबाहेर उभी होते.

"हे सिस्टरना कळलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"नाय, मॅडम."

"मग लिहिलंस कशाला?"

"काय घडलं, असं तुम्हीच विचारलंय ना."

पान उलटल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "खाटेचा नंबर विचारला असं लिहिलंयस. कुणी सांगितला?" मी दाराची कडी धरली, पण दार उघडलं नाही. ती म्हणाली, "ते ज्याचं त्यानं लिहावं, मॅडम. मी नाव विचारलं नाय, ते माझं."

तिला महिनाभर औषधांना हात लावायची बंदी झाली. ती पेशंटना भरवत होती, ओल्या कपड्यानं त्यांचं अंग पुसत होती, चादरी बदलत होती, आणि खरं सांगायचं तर मजेत होती. वॉर्डात नवा नियम आला: एकाच नावाच्या दोन पेशंटच्या खाटांवर लाल पाटी लावायची. वर्षाच्या शेवटी मॅडमनी वर्गात एक पोर्टफोलिओ नमुना म्हणून वाचून दाखवला. नीटनेटका, मुद्देसूद, संयमाचं महत्त्व कळलेला. तो माझा होता. मी बाकावर नजर खिळवून बसले होते, आणि सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवत होती ती. तिच्या मनात काही नव्हतं. तिला खरंच आनंद झाला होता.

आता ती वेरूळजवळच्या एका आरोग्य केंद्रात आहे. मी इथं शहरातल्या इस्पितळात, हाताखाली शिकाऊ मुली. दर वर्षी त्यांच्या फाइली माझ्याकडं येतात. गेल्या महिन्यात त्या तपासताना राहवलं नाही, मी तिला फोन लावला आणि म्हटलं, "सात नंबर मी सांगितला होता. अजून कुठंच लिहिलेलं नाही मी ते."

पलीकडं बाळांच्या लसीकरणाचा गोंगाट चालला होता. "अगं, दोघी कमलबाई बऱ्या होऊन घरी गेल्या," ती म्हणाली. "आधी ते लिही. मग बाकीचं लिहायला धीर येतो." आणि कुणाचं तरी बाळ रडायला लागलं म्हणून तिनं फोन ठेवला.

मी कोरा कागद पुढं ओढला. 'दोघी कमलबाई बऱ्या होऊन घरी गेल्या.' एवढं पहिलं वाक्य लिहायला मला अख्खी दुपार लागली.