हमामाचे निखारे

खार मोहल्ल्याच्या मशीद समितीने मुख्ताला माफी दिली होती, आणि माफी मिळालेल्या बाईने मान खाली घालून गप्प बसावं एवढीच समितीची अपेक्षा होती. पहिला हिवाळा मुख्ता बसलीही. दुसऱ्या हिवाळ्यात तिने ती माफी उचलली आणि त्यांच्याच दारात नेऊन आपटली.

माफी कशाची, तर भट्टी पेटवण्याची. मशिदीच्या पोटात हमाम आहे. दगडी फरशीची खोली, फरशीखाली आगीची वाट. गल्लीच्या बाजूने भट्टीचं तोंड. दुपारी लाकूड घातलं की संध्याकाळपर्यंत दगड तापतो आणि पहाटेच्या नमाजापर्यंत ऊब धरून राहतो. चिल्लई कलानच्या त्या चाळीस दिवसांत, नळ गोठून पन्हाळीला काचेचे दात लोंबत असतात तेव्हा, मोहल्ल्यातले सगळे पुरुष त्या फरशीवर पाय पसरून गप्पा मारत बसतात. लाकूड घरटी सारखं. पूर्वी भट्टीला पगारी माणूस होता. तो म्हातारा होऊन लेकाकडे गेला आणि घरोघरी वार लावून दिले. ज्याचा वार त्याने भट्टी सांभाळायची. पण ज्या घरात पुरुष नाही त्या घराला कशाला त्रास? समितीचे अध्यक्ष सोनाउल्लाह दाढीवरून हात फिरवत, बहिणीला समजवावं तसं म्हणाले होते, "मुख्ता बेनी, तू विधवा बाई. तू फक्त लाकूड पाठव. बाकीचं आम्ही बघतो."

किती मोठं मन! लाकूड पाठव, ऊब आम्ही बघतो.

पण हा हिशेब तेव्हा मुख्तालाही सुचला नव्हता, कारण तिला कधी कुणाच्या विस्तवाची गरजच पडली नव्हती. नवरा गेल्यापासून ती पश्मिन्याचं सूत कातायची. या कामाला बोटं ऊबदार लागतात, गारठलेल्या बोटांत तो धागा टिकत नाही. म्हणून दर शरदात ती झाडू घेऊन चिनारांखाली उभी राहायची. पानांचे ढीग लावायचे, धुमसवायचे, वर पाणी मारायचं आणि तो काळा भुगा पोत्यांत भरायचा. पोती माळ्यावर गेली की हिवाळा जिंकला. एक चुलीतला निखारा आणि वर तो भुगा घातला की कांगडी दिवसभर पुरते. मातीचं भांडं, भोवती वेताची वीण, फेरनच्या ढगळ अंगरख्याआत पोटाशी धरायची. मुख्ताच्या पोटाशी ती इतकी वर्षं होती की तिच्या बोलण्यातही तिची धग उतरली होती, असं शेजारी म्हणायचे. ते काही कौतुक नव्हतं.

या वर्षी मात्र पानं गळायच्या दिवसांत मुख्ता दवाखान्याच्या व्हरांड्यात होती. लेक उल्फतचे दिवस अवघड गेले होते. आई आणि बाळ सुखरूप सुटली, पण पानं दुसऱ्यांनी झाडून नेली आणि उरलेली पावसात कुजली. माळ्यावर एकच पोतं, तेही अर्धं. विजेचा हीटर होता, पण नवं मीटर लागल्यापासून तो कपाटावर पडून होता. मीटरचा आकडा पळायला लागला की मुख्ताच्या काळजाचेही ठोके पळायचे.

बाळंतिणीने आईच्या घरी विसावा घ्यायचा ही तिकडचीही रीत. पण एका शुक्रवारी विहीण आली. बख्ती नाव. पाय धुवायलाही न थांबता ती बाळंतिणीच्या खोलीत गेली आणि तोंडातून भुस्सकन हवा सोडली. हवेत वाफ दिसली.

"बघितलंस?" बख्ती म्हणाली. "माझा नातू बर्फाच्या पेटीत ठेवलाय."

"कांगडी आत्ताच बाहेर नेलीय, बेनी. बाळापाशी कायमची ठेवत नाहीत, धूर होतो. अंथरूण गरम करून घेतो, खिडकी थोडी उघडतो..."

"खिडकी उघडतेस? वा! आणखी उरलंय काय आत बाहेर जायला?" बख्तीने बाळाची टोपी खाली ओढली. "पुढच्या शुक्रवारी येते. तेव्हा वाफ दिसली तर दोघांना घेऊन जाते. आमच्याकडे बुखारीची शेगडी आहे, लाकूड आहे."

"आणि धुण्याचा ढीगही आहे," मुख्ता म्हणाली.

"मग? सून काय शोभेला आणलीय?"

बख्ती गेल्यावर उल्फत भिंतीकडे तोंड करून पडली. टाके अजून ओले होते. सासरी गेली तर ती दुसऱ्या दिवशी गार पाण्यात हात घालून उभी असेल, हे दोघींना माहीत होतं. "मोजी," तिने आईला हळूच हाक मारली, "मला नाही जायचं." मुख्ताने तिची दुलई टाचांपाशी खोचली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती पाव आणायला निघाली तर समोरून शेजारचा अर्शिद आला, हातात झाकलेली लोखंडी बादली. झाकणाखालून लाल उजेड.

"काय रे, काय नेतोस?"

"निखारे, मासी. आज आमचा वार होता ना. भट्टी निजवताना वरचे निखारे काढून घेतो. राखेत दाबले की घरच्या सगळ्या कांगड्या होतात, खोलीही तापते."

"हे सगळेच नेतात?"

"ज्याचा वार त्याचे निखारे. पूर्वी त्या म्हाताऱ्याचे असायचे, आता आमचे."

मुख्ता पाव न घेताच परत फिरली. लाकूड तिचं. फरशीवर पाय दुसऱ्यांचे, ते एक वेळ राहू दे. पण निखारे? तिला त्रास होऊ नये म्हणून तिच्या वाटची आग दुसऱ्यांच्या बादल्यांतून घरोघर चालली होती. असा उपकार करायला हिंमत लागते, आणि तो घेणाऱ्याने शुक्रिया म्हणायचं!

रविवारी तिने सोनाउल्लाहला दुकानातच गाठलं. तांब्याची भांडी मांडलेली, चार गिऱ्हाइकं उभी.

"सोना काक, मला वार हवा."

"कसला वार?"

"भट्टीचा."

सोनाउल्लाह हसले. "तू? बेनी, बायकांचं काम आहे का ते? मशीद आहे."

"आत कोण येतंय? भट्टीचं तोंड गल्लीत आहे. त्याच गल्लीतून मी रोज कचरा टाकायला जाते, तेव्हा नाही मशीद आठवत कुणाला."

"लोक काय म्हणतील, विधवेला राबवतात..."

"माझी लाकडं जाळताना लोकांना दिसत नाही ना मी विधवा आहे ते? मग आता कशाला दिसू?"

गिऱ्हाइकांतला एक जण खोकला की हसला ते कळलं नाही. सोनाउल्लाहने पातेलं उगाच पुसलं. अर्शिद जम्मूला जाणार होता, त्याचा सोमवारचा दुसरा वार रिकामा होता. "घे तर घे," ते म्हणाले. "एकदाच काय ते होऊन जाऊ दे."

आणि मुख्ताने सोमवारी माती खाल्ली.

आयुष्यभर मूठभर भुग्यात दिवस काढलेली बाई. तिच्या हाताला काटकसरीची सवय. भट्टीच्या तोंडाशी रचलेली लाकडं तिला जाळवेनात, मोहल्ल्याची का असेनात. तिने दोन ओंडके घातले, चांगले पेटू दिले, मग एक घातला आणि समाधानाने हात झटकले. पण दगड म्हणजे कांगडी नव्हे. आधी स्वतःचं पोट भरतो, मग वर ऊब देतो. संध्याकाळी पुरुष आले, बसले आणि एकेक करून उठले. एवढीशी आग, तिचे निखारेही ओंजळभर निघाले. बाळाच्या खोलीला ते वासालाही पुरले नाहीत.

सकाळी पावाच्या रांगेत लोक तिची वाट बघतच होते.

"मुख्ता मासी, काल फरशीखाली बर्फ घातला होता का?"

"अरे, मासीने निखारे वाचवले, पश्मिन्यात कातणार आहे ते!"

"माझे गुडघे अजून मशिदीतच आहेत, उठलेच नाहीत."

मुख्ताने तोंड उघडलं नाही, हे तिच्या बाबतीत आजारपणाचं लक्षण होतं. घरी येऊन तिने पाव उल्फतपुढे ठेवला तोच दारात सोनाउल्लाह.

"झालं समाधान? चूक तुझी नाही, बेनी. ज्याचं काम त्यानेच करावं. आता पुन्हा माफी. लाकूड तेवढं वेळेवर पाठव."

एवढं एक शेवटचं वाक्य ते बोलले नसते तर गोष्ट कदाचित तिथेच संपली असती.

बुधवारी दुपारी मशिदीमागच्या लाकडांच्या ढिगावर तीन बायका बसलेल्या दिसल्या. मधे मुख्ता. डावीकडे साजा, जिचा नवरा दोन वर्षं अंथरुणावर. उजवीकडे फाता, जिची पोरं पंजाबात शाली विकायला गेलेली. दोघींनाही माफीच होती. तिघींच्या फेरनमधून कांगड्यांचे गोल उमटले होते, आणि उठायची चिन्हं नव्हती. ज्याचा वार होता तो बिचारा रिकाम्या हातांनी उभा. सोनाउल्लाह धावत आले.

"हे काय चाललंय?"

"आमच्या तीन घरांची लाकडं वेगळी काढा," मुख्ता म्हणाली. "आम्ही घरी नेतो."

"वेगळी? कशी वेगळी काढू? एकाच ढिगात आहेत सगळी!"

"आमची ओळखायला सोपी आहेत, काक," फाता म्हणाली. "ज्यांना माफी दिलीय ती."

साजा इतकी हसली की ढीग हलला.

"बेनी, तुला संधी दिली होती," सोनाउल्लाहचा आवाज चढला. "फरशी गार ठेवलीस. म्हातारी माणसं कुडकुडली."

"ठेवली. चुकलं माझं. आता सांगा, गेल्या महिन्यात तुमच्या पुतण्याने फरशी एवढी तापवली की चटई जळाली, त्याचा वार काढून घेतलात? त्याने जाळलं ती चूक. मी गार ठेवलं, तर सगळ्या बायकांची जातच नालायक?"

गल्लीत लोक जमले होते. मशिदीच्या पायरीवरून खालिक काक उतरत होता. मोहल्ल्यातला सगळ्यात म्हातारा, हिवाळ्यात त्याचा मुक्काम हमामातच. त्याने काठी टेकली आणि सगळ्यांसमोर फेरनचं मागचं टोक उचलून दाखवलं. तिथे पोळीएवढं करपलेलं भोक होतं.

"चटईचं काय घेऊन बसलीस पोरी," तो म्हणाला. "त्या दिवशी मी नमाजात होतो, हलायची सोय नाही. नमाजाचा शेवटचा सलाम फिरवेपर्यंत मागून मी कबाब झालो होतो."

गल्ली फुटली हसून. पुतण्या मागच्या मागे निसटला. सोनाउल्लाहनाही हसू दाबता येईना, आणि हसलेल्या माणसाला हुकूम सोडणं जड जातं.

"सोना," खालिक काक म्हणाला, "गारठ्याने मी मरणार नाही, भाजून मरेन. दे बायकांना वार. ही कंजूष आहे, ते मी सुधारतो."

"गुरुवार," सोनाउल्लाह म्हणाले. "आणि मग साजा, फाताचं बघू."

"बघू नाही," मुख्ता ढिगावरूनच म्हणाली. "सांगा."

"शनिवार, रविवार! आता उतरा त्या लाकडांवरून, भट्टी थंड पडतेय!"

गुरुवारी दुपारी मुख्ता भट्टीशी बसली. खालिक काक आत फरशीवर, भिंतीतल्या धुरकट झरोक्याला कान लावून. मधे हातभर दगड.

"काक, कसं आहे?"

"माझ्या सासूसारखं. घाल अजून."

तिने ओंडका घातला. थोड्या वेळाने, "आता?"

"सासू मला ओळखायला लागली. घाल."

"किती खाते ही भट्टी!"

"तुझ्या बापाचं जातंय काय? सगळ्यांचं आहे. घाल, कंजूष बाई!"

मुख्ताने दात आवळून घातलं. प्रत्येक ओंडक्याला हात आखडायचा, आणि प्रत्येक वेळी ती तो पुढे ढकलायची. पन्नाशीच्या बाईने हाताचं वळण मोडायचं, तेही बारा माणसं कोपऱ्यावर उभी राहून बघत असताना. मला विचाराल तर ढिगावर बसण्यापेक्षा हे अवघड होतं. भांडण तिला येत होतं. सढळ हात तिला कुणी कधी परवडू दिला नव्हता.

उन्हं कलताना झरोक्यातून आवाज आला, "बास! आता सासू लेक म्हणतेय." आणि मग घोरण्याचा.

आग निजवताना तिने निखारे ओढले. बादली भरली, तसराळं भरलं, साजाने आणलेलं घमेलंही भरलं. चेहऱ्यावर धग घेत ती क्षणभर तशीच उभी राहिली. मग ओढणीची घडी हातात घेऊन बादली उचलली. अर्शिदच्या धाकट्या भावाने "मासी, मी धरतो" म्हटलं तर त्याला म्हणाली, "हात लावशील तर बघ."

त्या रात्री खोलीच्या दाराबाहेर राखेत दाबलेल्या निखाऱ्यांचं घमेलं ठेवलं आणि दार उघडं टाकलं. भिंती हळूहळू सुकल्या. उल्फतने दुलईतून एक हात बाहेर काढला, मग दुसरा.

शुक्रवारी बख्ती आली. खोलीत शिरली, तोंड गोल केलं, भुस्सकन हवा सोडली. काही दिसलं नाही. पुन्हा सोडली. बाळ टोपीशिवाय झोपलं होतं आणि त्याच्या कपाळावर घामाचा एक थेंब होता.

"टोपी कुठाय ह्याची?" बख्तीने विचारलं.

"उकडतंय त्याला," मुख्ता म्हणाली. तिने समोवारमधून नमकीन चहा ओतला, वर साय घातली.

बख्ती बसली. शेजारच्या गल्लीतली सून कशी आळशी आहे ते सांगितलं. दुसरा पेला घेतला. "मशिदीत कसलं भांडण केलंस म्हणे तू? आमच्यापर्यंत आलंय. बाईमाणसाला शोभतं का?"

"नाही शोभत."

"हं." बख्तीने बाळाच्या तळपायाला बोट लावलं. तळपाय गरम होता. न्यायचं सामान बांधायला तिने आणलेली चादर पिशवीत तशीच घडी केलेली होती. ती काढलीच नाही. उल्फत त्या पिशवीकडे बघत होती.

"राहू दे मग अजून," बख्ती शेवटी भिंतीला म्हणाली. "चिल्लई संपेपर्यंत. धुणं काय, थांबेल."

उंबऱ्यापाशी तिने बूट घातले. बाहेर बर्फ भुरभुरायला लागला होता. तिने फेरनखाली हात घालून आपली कांगडी चाचपली, तोंड वाकडं केलं, आणि गल्लीकडे तोंड केलं. मग मागे न वळता कांगडी मुख्तापुढे केली.

"विझलीय वाटतं. घाल त्यात थोडे."

मुख्ताने घमेल्यातले निखारे चिमट्याने उचलले. चार पुरले असते. तिने कांगडी काठोकाठ भरली.