पाच मिनिटांचे भन्ते

पुण्यात माणसाने डोक्याचा गोटा केला की लोक आधी आवाज खाली आणतात आणि मग विचारतात, "कोण गेलं?"

"केस," मी सांगायचो.

आणि ते खरंच होतं. तिशी ओलांडायच्या आतच माझे केस मला सोडून जायला लागले. हडपसरच्या ज्या कंपनीत मी संगणकापुढे बसून अमेरिकेची कामं करायचो, तिथे केसांचा विषय निघाला की सगळे पाण्याला दोष द्यायचे. (माझ्या शेजारी बसणारा मुलगा तेच पाणी प्यायचा आणि त्याच्या केसांत कंगवा अडकून तुटायचा!) शेवटी कानांच्या वर तेवढी एक झालर उरली. मग एकदा अमेरिकेहून आमचे मोठे साहेब आले. त्यांचं डोकं संपूर्ण गुळगुळीत. तो माणूस टकलू वाटत नव्हता, विचारपूर्वक निर्णय घेतलेला वाटत होता! त्याच रविवारी मीही निर्णय घेतला.

शेजारच्या जोशीकाकांनी महिनाभर वाट पाहिली आणि मग मला जिन्यात गाठलं.

"अहो, हे एकदाच करतात. तुमचं रोज चालू आहे. घरात माणसं उरली आहेत ना?"

आमच्याकडे कोणी गेल्यावर डोकं भादरायची पद्धत नाही, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं. आम्ही बौद्ध. आमच्याकडे डोकं भादरलं की लोकांना निराळीच धास्ती वाटते. ही बातमी कळताच आईचा अमरावतीहून फोन आला. "काऊन रे मिलिंद? घरदार सोडून भिक्खू व्हतं का काय? त्या पोरीनं काय करावं मंग?"

'त्या पोरी'ला, म्हणजे माझ्या बायकोला, रेखाला, याची मुळीच काळजी नव्हती. रेखा जन्माने आणि जिभेने पुणेकर. तिची तक्रार वेगळी होती. माझा रोजचा कार्यक्रम असा : कोमट पाण्याने डोकं भिजवायचं, फेस लावायचा, कपाळापासून मागे रेझर न्यायचा, कानामागे बोटाने चाचपून पुन्हा एक हात फिरवायचा, मग तुरटी, मग खोबरेलाचा थेंब आणि शेवटी मऊ फडक्याने पुसून चकाकी! सगळं मिळून पाच मिनिटं. केसवाल्या माणसाला भांग पाडायलाही एवढा वेळ लागतो, असं मी भेटेल त्याला ऐकवायचो.

"केस होते तेव्हा तुम्ही बाथरूममधून लगेच बाहेर यायचात," रेखा म्हणायची. "आता नाहीत, तर आतच बसता. नसलेल्या गोष्टीची एवढी निगा?"

अशात माझ्या धाकट्या बहिणीचा, सुजाताचा, साखरपुडा आमच्या कोथरूडच्या फ्लॅटवर ठरला. सुजाता आमच्याकडेच राहून नोकरी करायची. मुलगा अमोल, तिच्यासारखाच इंजिनिअर, मूळचा अकोल्याचा, आता वाघोलीला राहणारा. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, घरच्यांनी घरच्यांना. घोडं अडलं होतं ते अमोलच्या आजीपाशी. आजींचं म्हणणं, सून घरात पाहिजे, नोकरी नको. सुजाताचं म्हणणं, नोकरी सोडायची असेल तर लग्नच नको. साखरपुड्याच्या दिवशी समोरासमोर बसून मिटवू, असं बाबांनी दोन्हीकडे सांगून ठेवलं होतं. म्हणजे पेढे आणले होते, पण ते खायचे की परत करायचे, हे आजींवर होतं. सुजाता आठवडाभर धड जेवली नव्हती. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मी या मंडळींना कधी भेटलो नव्हतो. बघण्याचा कार्यक्रम अमरावतीला झाला तेव्हा मी कंपनीच्या कामाने अमेरिकेत होतो. त्यांनी माझा फोटो तेवढा पाहिला होता, आणि फोटोत मला केस होते.

तो दिवस उजाडला. बाबा गाडी घेऊन विहारातून भन्तेजींना आणायला गेले. भन्तेजी त्रिशरण-पंचशील देणार, मग अंगठ्या, आणि भन्तेजींचं जेवण बाराच्या आत, असा बेत. मी भल्या पहाटे आंघोळ उरकून पांढरा सदरा घालून बसलो (आमच्या कार्यात पांढरंच घालतात), पण डोकं राहिलं होतं. कालची खुंटं तशीच! बाथरूममध्ये अमरावतीच्या मावश्या पाळीपाळीने जात होत्या. दार वाजवलं की आतून "झालंच!" एवढंच उत्तर यायचं आणि पाण्याचा आवाज वाढायचा.

शेवटी मी तांब्यात कोमट पाणी घेतलं, आरसा घेतला आणि हॉलमध्ये आलो. उजेड होता खिडकीपाशी. खिडकीपाशी खुर्ची होती एकच, ती भन्तेजींसाठी मांडलेली. तिच्यावर पांढरीशुभ्र चादर, मागे बुद्धमूर्ती, बाजूला उदबत्ती. मी म्हटलं, पाच मिनिटांचा तर प्रश्न! सदऱ्यावर फेस पडू नये म्हणून, रेखाने सकाळीच काढून ठेवलेला जुना पडदा एका खांद्यावरून अंगाभोवती गुंडाळून घेतला. पडद्याचा रंग धड विटकरी नाही, धड केशरी नाही. त्याच्या कड्यासुद्धा अजून काढायच्या होत्या.

आणि नेमका त्याच दिवशी नगर रोड मोकळा मिळावा! वाघोलीची मंडळी ठरल्या वेळेच्या पुष्कळ आधी आमच्या दारात. दार सताड उघडं. स्वयंपाकघरात मिक्सर, कुकर आणि आई एकाच वेळी बोलत असल्यामुळे कोणाला काही ऐकू आलं नाही.

माझी उजवी बाजू झाली होती, डावीकडे अजून फेस होता. तेवढ्यात एक ओघळ डोळ्यात गेला. आग आग झाली. मी रेझर तांब्यात टाकला, डोळे मिटून घेतले, हात मांडीवर ठेवले आणि जळजळ थांबायची वाट पाहत निश्चल बसलो.

"वंदामि भन्ते!"

मी एक डोळा उघडला. काळा चष्मा लावलेल्या एक पांढऱ्या केसांच्या आजी माझ्यापुढे जमिनीला कपाळ टेकवून होत्या! त्यांच्यामागे एक उंच मुलगा, फोटोतला अमोल, तोही वाकलेला; बाकीची मंडळी अजून खाली गाडी लावत होती. अमोलच्या आजींच्या डोळ्यांचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, हे मला माहीत होतं. पण माहीत असून उपयोग काय? लहानपणापासून असं वंदन केल्यावर समोरून जे ऐकत आलो, ते माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं.

"सुखी होतु!"

झालं. आता माघार कशी घ्यायची?

"भन्ते, तुमी आधीच येऊन बसले, लय बरं केलं," आजी समोर मांडी घालून बसत म्हणाल्या. "मले तुमाले एक विचाराचं हाय."

"आजी, ऐका ना, मी भन्ते..."

"हाव, भन्तेच पाहिजे व्हते मले! घरच्याईले विचारलं तं जो तो आपल्याच सोयीचं सांगते. तुमी सांगसान ते खरं. घरी सून आली, मंग तिनं घरात राहाव, का हापिसात जाव?"

मी अमोलकडे पाहिलं. तो माझ्या डाव्या कानावरच्या फेसाकडे टक लावून पाहत होता. (पुढे त्याने कबूल केलं, की हा दाढीचा साबण आहे हे त्याला कळलं होतं. पण आजी वाकली की आपण वाकायचं, प्रश्न विचारायचे नाहीत, असा त्यांच्या घरचा नियम!) आता अशा वेळी शहाणा माणूस काय करेल? उठेल, पडदा काढेल, माफी मागेल. मी मात्र सुजाताचा भाऊ होतो.

"हापिसात जावं," मी घसा खाकरून, जमेल तेवढ्या धीरगंभीर आवाजात म्हणालो. "आजी, तथागत स्वतः तरी कुठे घरी बसले?"

आजी विचारात पडल्या. "हे तं खरं हाय," त्या हळूच म्हणाल्या. "हे कोनं सांगतलंच नाई मले." माझं मलाच कौतुक वाटलं! बहिणीचा संसार मी अर्ध्या डोक्यात मार्गी लावला होता.

तेवढ्यात रेखा पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली.

"अहो! भन्तेजींच्या खुर्चीत काय बसलाय? आणि हा माझा पडदा!"

तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि पडद्याचं टोक धरून ओढलं. कड्या खळखळल्या.

"अवो बाई!" आजी किंचाळल्या. "भन्तेले हात लावतं? बाईमानसानं?"

"कुठले भन्ते? आजी, हे माझे मिस्टर आहेत," रेखा म्हणाली. "अर्धवट."

तिला म्हणायचं होतं, डोकं अर्धवट राहिलंय. पण ती तेवढंच बोलून थांबली, आणि कोणी जास्त खुलासा विचारला नाही.

आजींनी काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि मला जवळून न्याहाळलं. उजवी बाजू पाहिली. डावी बाजू पाहिली. फेसाला बोट लावून वास घेतला.

"तू कोन?"

"मिलिंद. सुजाताचा भाऊ."

"मंग ते सुनेचं कोनं सांगतलं? भन्तेनं का भावानं?"

"भावानं," मी म्हणालो.

"अमोल, ऊठ," आजी म्हणाल्या. "चाल घरी. या लोकाईनं मले येडी समजलं."

मिक्सर थांबला होता. स्वयंपाकघराच्या दारात सुजाता उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर रक्ताचा थेंब नव्हता. आई हात जोडून पुढे आली, मावशी बाथरूममधून ओल्या केसांनी धावली, मी "आजी, आजी" करत उठलो आणि पडद्यात पाय अडकून पुन्हा भन्तेजींच्याच खुर्चीत बसलो! नेमके त्याच क्षणी बाबा खऱ्या भन्तेजींना घेऊन दारात आले.

भन्तेजींनी माझ्याकडे पाहिलं. मग पडद्याकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

"चीवराला कड्या लावायची कल्पना चांगली आहे," ते शांतपणे म्हणाले. "दोरीवर टाकायला सोपं जात असेल."

आजी सोडून सगळे हसले. आजींनी मात्र भन्तेजींना वंदन करून (आधी नीट चष्मा लावून, खात्री करून!) माझी सगळी कैफियत त्यांच्यापुढे मांडली. "आन यानं बहिणीच्या सोयीचं सांगतलं, भन्ते! मी तुमाले विचाराले आली व्हती. आता तुमीच सांगा."

"प्रश्न तुम्ही बरोबर विचारलात, आजी. माणूस चुकला," भन्तेजी म्हणाले. "आणि मलाही विचारू नका. मला कुठे सून आहे? जिला नोकरी करायची तिला विचारा की."

एवढे महिने आम्ही सगळे सुजाताच्या नोकरीबद्दल बोलत होतो, बाबा अमोलच्या वडिलांशी, आई त्याच्या आईशी, मी चक्क आजींशी. आजी आणि सुजाता त्याबद्दल एकमेकींशी एक शब्दही बोलल्या नव्हत्या!

"बोल व पोरी," आजी म्हणाल्या.

"मी नोकरी करणार, आजी," सुजाता म्हणाली. ती दारातून पुढे आली होती. "आवडते मला."

"आन माह्या डोळ्यात थेंब कोन टाकन? ह्या पोराची माय टाकते तं अर्धे गालावर, अर्धे लुगड्यावर."

"मी टाकेन. जाताना टाकून जाईन, आल्यावर टाकेन."

आजींनी कमरेच्या पिशवीतून औषधाची बाटली काढली आणि तिच्यापुढे धरली. "टाक पाहू."

सुजाता हात धुऊन आली. तिने आजींची हनुवटी वर केली, पापणी बोटाने हलकेच खाली ओढली आणि एकेका डोळ्यात एकेक थेंब सोडला. गालावर काहीही आलं नाही. मला उगीचच भरून आलं, आणि या वेळी त्यात फेसाचा काही संबंध नव्हता.

"हात हलका हाय पोरीचा," आजी डोळे मिटूनच म्हणाल्या. "जाय बापा हापिसात. पन थेंब टाकल्याबिगर जाऊ नको."

आई रडायला लागली, अमोल हसायला लागला, रेखा पेढे आणायला धावली.

"थांबा!" आजींनी डोळे न उघडताच माझ्या दिशेने बोट केलं. "ह्याचं ठरू द्या आधी. लग्नात मले ह्याच्या डोक्यावर केस दिसले पाहिजे. पुन्हा चूक नाई झाली पाहिजे माही."

"दिसतील!" बाबा म्हणाले.

"दिसतील, आजी!" अमोल म्हणाला.

"नक्की दिसतील!" सुजाता म्हणाली. माझ्या डोक्याच्या वतीने सगळ्यांनी शब्द दिला. डोक्याला कोणी विचारलं नाही.

साखरपुडा थाटात झाला. धांदलीत माझी डावी बाजू राहून गेली ती गेलीच. त्या दिवशीच्या फोटोंत मी अर्धा चकाकतो आहे.

मग मी रेझर कपाटात टाकला आणि मशागतीला लागलो. खोबरेल, माक्याचं तेल, कांद्याचा रस, मावशीने सांगितलेला मेथीचा लेप, काही म्हणता काही सोडलं नाही. रेखा लांबच्या खोलीत झोपायला लागली. पीक आलं ते असं : माथ्यावर शुकशुकाट, कानांच्या वर तीच जुनी झालर, आणि मधोमध कोणाचंही न ऐकणाऱ्या तीन-चार ताठ पोरक्या बटा. तेवढ्याच भांडवलावर मी लग्नाला उभा राहिलो. पण शब्द पाळला होता, याचा मला अभिमान होता.

आजींची नजर तोवर चांगली झाली होती. काळा चष्मा गेला होता. मंगल कार्यालयात त्यांनी मला लांबूनच ओळखलं, जवळ बोलावलं, खाली वाकायला लावलं. माथ्यावरून हात फिरवला. झालर चाचपली. मधली एक बट धरून हलकेच ओढून पाहिलं.

"हे केस हायत?"

"हो, आजी! तुमच्यासाठी वाढवले," मी छाती फुगवून म्हणालो.

आजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्या कानाशी तोंड आणलं.

"काढून टाक, बापू," त्या हळूच म्हणाल्या. "मी फसली तं फसली. पन तवा तू मानूस दिसत व्हता."